माठाची जागा

नाशिककर एक वेळ भांडणात हार मानेल, पण नाशिकला उकडतं हे काही कबूल करणार नाही. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, दुपारी कुत्रीसुद्धा उभ्या ट्रकखालून बाहेर येत नाहीत, तरी गडी कपाळाचा घाम पुसत सांगणार, "आमच्याकडे संध्याकाळी काय वारा सुटतो माहितीये का!"

बहिरूचं पोट या अभिमानावरच चालायचं. होळी झाली की त्याचा फोन वाजायला लागायचा. कुणाचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायचा, कुणाचा गोगलगायीसारखा सरकायचा. लोक कारणं ढीगभर सांगायचे. व्हायरस शिरलाय, लाइट कमी-जास्त होते, पोराने गेम टाकलेत. तापतो, असं कुणी म्हणायचं नाही. नाशिकमध्ये कसा तापेल?

बहिरू चांदवडकडचा, रेणुकादेवीच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावातला. शिकला कुठे? कुठेच नाही. फोनवर व्हिडिओ बघितले, भंगारातले डबे आणून खोलले, दोन मदरबोर्ड जाळले, तिसऱ्यापासून हात बसला. द्वारका चौकाजवळ एका मोबाईलवाल्याच्या दुकानात अर्धं टेबल त्याचं होतं, पण टेबलावर तो सापडायचा नाही. मशीन दुकानात आणायचं नाही, ते जिथे राहतं तिथे जाऊन बघायचं, हा त्याचा नियम.

"बैल बाजारात बघू नाय," तो सांगायचा. "बाजारात समदेच बैल तरतरीत दिसत्यात. गोठ्यात जाऊन बघा, मग कळंल."

नियम सोन्यासारखा होता. जीभ मात्र दावं तोडलेल्या वासरासारखी. मनात आलं की तोंडात आलं.

त्या मंगळवारी आरोहीचा फोन आला तेव्हा ती आधी पत्ता सांगून मोकळी झाली, मग म्हणाली, "दादा, बेल वाजवू नकोस. मी गेटवरच थांबते."

द्वारकेच्या मागच्या कॉलनीतलं रो-हाऊस. गेटवरच्या बोगनवेलीच्या टीचभर सावलीत आरोही उभी होती. बहिरूच्याच वयाची, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

"वर जायच्या आधी दोन गोष्टी ऐकून घे," ती कुजबुजली.

पहिली गोष्ट अशी. आरोही कॉम्प्युटरवर घरं उभी करायची. जी घरं अजून बांधलेली नाहीत, ती. भिंती, खिडक्या, सोफा, पडदे सगळं करायचं आणि त्यातून फिरवून आणणारी फिल्म बनवायची. पुण्याच्या एका ऑफिसने तिला परीक्षेसाठी एक फिल्म दिली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचली आणि आवडली, तर घरी बसून नोकरी. नाहीतर पुण्यात येऊन त्यांच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून बसायचं.

"आणि मला नाशिक सोडायचं नाहीये," आरोही म्हणाली. "आत्ता तर पप्पांना सोडून अजिबात नाही. फिल्म तयार आहे, पण कॉम्प्युटरला ती एकेक चित्र करत काढायला वेळ लागतो. रात्रंदिवस लावून ठेवलाय. आणि रोज दुपारी मेला बंद पडतो, तो ऊन उतरेपर्यंत उठत नाही. झालं तेवढं राहतं, पण दुपार फुकट जाते. आजची सोडून अशा अजून दोन दुपारी गेल्या की शुक्रवार गेला."

"आधी कुणाला दाखवला व्हता?"

"एक जण दुकानात घेऊन गेला. धूळ साफ केली, उष्णता ओढणारी पेस्ट बदलली. त्याच्या एसीत दोन दिवस छान चालला."

"चालणारच," बहिरू म्हणाला. "बाजार. दुसरी गोष्ट?"

आरोहीने मागे घराकडे बघितलं. "कपाटाबद्दल एक शब्द काढायचा नाही."

तिचे वडील, दत्तूकाका, सातपूरच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचे. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला आणि नोकरी गेली. त्या दिवसापासून रंधा, पटाशी, करवत, सगळं लोखंडी पेटीत बंद. माणूस दिवसभर पंख्याकडे बघत बसायचा. मग आरोहीने पहिल्या कमाईतून कॉम्प्युटर घेतला, त्याच्यावर हायवेची धूळ बसायला लागली, आणि एक दिवस काकांनी पेटी उघडली. महिनाभर खपून लेकीच्या कॉम्प्युटरसाठी कपाट केलं.

"त्या महिन्यात पप्पा परत शीळ घालायला लागले," आरोही म्हणाली. "कळलं?"

"कळलं," बहिरू म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

वरची खोली थेट स्लॅबखाली. दारातून आत पाऊल टाकलं की भाकरीच्या तव्यावर वाकल्यासारखी झळ. कोपऱ्यात कपाट. बहिरू बघतच राहिला. सागाचं, कडेला नाजूक नक्षी, पितळी कडी, समोर घट्ट बसणारं काचेचं दार आणि आत छोटा दिवासुद्धा. जसा काही कॉम्प्युटर म्हणजे घरचा देव. आणि त्या देवाच्या डोक्यावर, कपाट उघडून, आरोहीची आई छायाकाकू ओला पंचा घालत होती.

"आई! पुन्हा?"

"अगं, माणसाला ताप आला की आपण काय करतो? पट्ट्याच ठेवतो ना?"

"काकू," बहिरूने पंचा हळूच काढून घेतला, "माणसाच्या पोटात वायरी नसत्यात."

"मग माझा माठ कसा गार राहतो ओल्या फडक्याने? जिन्याच्या वळणावर ठेवलाय, जाऊन पाणी पिऊन बघ. फ्रिज झक मारतो त्याच्यापुढे."

बहिरूने कॉम्प्युटर चालू केला, काम लावलं, काचेचं दार लावून घेतलं आणि वाट बघत बसला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा सत्तर, ऐंशी, नव्वद असा चढत गेला. पंखे विमान उडावं तसे ओरडायला लागले. त्याने दार किलकिलं करून आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. पावाची भट्टी परवडली.

"काय, सापडलं का?"

दत्तूकाका दारात उभे होते. उंच, सडपातळ, उजवा हात पायजम्याच्या खिशात.

आरोहीने बहिरूच्या पायावर पाय दिला.

"काका, कपाट लय भारी हाय," बहिरू म्हणाला. आरोहीने श्वास सोडला. तेवढ्यात तो पुढे बोललाच, "पण कॉम्प्युटरसाठी नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे हा याच्यात गुदमरतो. गरम हवा बाहेर फेकतो, ती काचेला धडकून परत त्याच्याच नाकात जाती."

"मागे भोक ठेवलंय की."

"उंदराला पुरंल."

छायाकाकूंना हसू फुटलं, नको त्या वेळी. काकांचे कान लाल झाले.

"इथली धूळ बघितलीस का तू? हायवे उशाला आहे. उघडं ठेवलं तर आठवड्यात आतमध्ये पिठाची गिरणी होईल. मागे झाली होती, विचार हिला."

"ते बी खरं हाय," बहिरू म्हणाला. धुळीचं त्याला पटलं होतं, आणि पटलं की तो लगेच कबूल करायचा. त्याने काका आणखी चिडले.

"कुठला रे तू?"

आपल्याकडे वाद अंगाशी यायला लागला की वडीलमाणूस गाव विचारतो.

"चांदवडकडचा."

"कांदा असेल मग. कांदे भरायचे सोडून इथे कशाला शहाणपण करत फिरतोस?"

"भरूनच आलोय ना काका. मागच्याच आठवड्यात चाळ भरली." बहिरूने कपाटावर टकटक केलं. "एक सांगा मला. याच्यात तुम्ही कांदा ठेवाल का?"

काकांची नजर कपाटावर खिळली. बहिरूला काय माहीत, की कारखान्यात लागायच्या आधी दत्तूकाका त्यांच्या वडिलांबरोबर चांदवडपासून लासलगावपर्यंत कांद्याच्या चाळी बांधत फिरलेले. जमिनीपासून उंच उचललेल्या, खालून हवा शिरणाऱ्या, बाजूला फटीफटीच्या पट्ट्या मारलेल्या त्या लांबलचक चाळी. "बंद खोलीत कांदा ठेवणारा आणि पोराला पोत्यात बांधणारा सारखाच," असं आरोहीने त्यांच्याच तोंडून लहानपणी शंभरदा ऐकलं होतं.

"ठेवाल का?" बहिरूने परत विचारलं.

काका वळले आणि जिना उतरून गेले. त्याच क्षणी कॉम्प्युटर खटकन बंद पडला.

"झालं तुझं समाधान?" आरोहीच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक शब्द बोलू नको म्हटलं होतं ना!"

"खोटं बोललो असतो तर तुझा शुक्रवार गेला असता, ताई."

"आता हे जेवणार नाहीत," काकूंनी सुस्कारा टाकला. "तू पन्हं घे बाबा. भांडण काही उपाशीपोटी चांगलं होत नाही."

बहिरूचा पन्ह्याचा पेला अर्धा झाला असेल, तेवढ्यात खालून लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. काका वर आले ते कानावर पेन्सिल आणि डाव्या हातात करवत घेऊन. ते सरळ कपाटापाशी गेले, काचेचं दार उघडलं, आणि खिशातला उजवा हात काढून आत घातला. थरथरता हात बराच वेळ तसाच ठेवला.

"आठ दिवसांत सडेल," ते म्हणाले.

"काय?"

"कांदा." त्यांनी पेन्सिल काढली. "रेघा मी मारणार. करवत तू धर. रेघेबाहेर गेलास तर घरी जाताना बोटं मोजून जाशील."

मग दुपारभर त्या घरात भुसाच भुसा. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि रेघा मारल्या, दोरी ताणावी तशा सरळ. तळाची फळी काढून तिथे फटी ठेवून पट्ट्या बसवल्या. पाठ तशीच पट्ट्यांची केली. वरच्या फळीत लांब खाचा पाडल्या, गरम हवेला वर जायला. पायांखाली लाकडी ठोकळे घालून सगळं उंच उचललं. धुळीसाठी काकूंनी जुनी मच्छरदाणी फाडून दिली, ती आरोहीने तळाला आणि पाठीला ताणून लावली, महिन्याला काढून धुता येईल अशी. शेवटी काचेचं दार बिजागऱ्यांवरून निघालं, त्या जागी मच्छरदाणीचाच पडदा आला. काकांनी दार स्वतः उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. त्यावरून एकदा हात फिरवला, बस.

थकून ते खाली आडवे झाले. आता बहिरूच्या अंगात संचारलं होतं. चाळ म्हटलं की वारा पाहिजे, आणि खोलीत वाऱ्याची खिडकी एकच, पश्चिमेची. त्याने आरोहीला हाताशी घेऊन कपाट ओढत थेट खिडकीला लावलं. संध्याकाळचा वारा पट्ट्यांतून सळसळत आत जायला लागला, आकडा सरसर उतरला, आणि बहिरूने आपल्या बारीकशा मिशीवर बोट फिरवलं.

"ताई, आता हा बंद पडला तर मिशी काढीन."

बुधवारी दुपारी आरोहीचा फोन आला. ती काही बोलायच्या आधीच बहिरूला कळलं.

तो पोचला तेव्हा वरच्या खोलीत दत्तूकाका खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. शेजारी वाटीत पाणी, साबण आणि दाढीचं सामान मांडून ठेवलेलं.

"ये," काका म्हणाले. "आधी हात लाव याला."

बहिरूने कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला आणि बोट तोंडात घातलं. पश्चिमेचं ऊन खिडकीतून तिरपं येऊन थेट कपाटावर पडलं होतं. वारा होता, पण तोही भट्टीवरून आल्यासारखा.

"चाळीचं छप्पर भिंतीच्या इतकं बाहेर का काढतात रे?"

"कांद्याला ऊन लागू नाय म्हणून."

"आणि तू काय केलंस?"

"चुकलो, काका. वाऱ्याच्या नादात ऊन इसरलो."

"हिरवा पडला असता कांदा," काका म्हणाले. पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "चाळ बांधणारा मी, आणि जागा निवडणार तू! मला उठवलं का नाहीस?"

"पप्पा, भांडा नंतर. आता ठेवायचा कुठे?" आरोही म्हणाली. एक दुपार तर गेलीच होती. "आणखी एक गेली तर संपलं."

मग तिघं घरभर फिरायला लागले. हात पुढे करून, वारा चाचपत, आंधळी कोशिंबीर खेळावी तसे. पुढची खोली, नको, पत्र्याची शेड तापते. स्वयंपाकघर, नको, फोडणीचं तेल. देवघराची खोली चांगली, पण खिडकीच नाही. जिन्यावरून खाली-वर, खाली-वर. छायाकाकू भाजी निवडत हे सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी परात बाजूला सरकवली.

"कुणी मला विचारणार आहे का, या घरातली सगळ्यात गार जागा कुठली ते?"

तिघंही जिन्यात थांबले. आणि तिघांनीही एकदमच बघितलं. जिन्याच्या वळणावर, उत्तरेकडच्या सिमेंटच्या जाळीखाली, तिवईवर माठ बसला होता. ओलं फडकं गुंडाळून, वर पितळी झाकण, अगदी थाटात.

"लग्न होऊन आले तेव्हा सगळं घर फिरले," काकू म्हणाल्या. "दुपारी कुठे बसवतं ते बघत. तेव्हाच ती जागा हेरली. जाळीतून हवा येते, गच्चीचं दार उघडं असलं की वर ओढून घेते. ऊन बारा महिने नाही. म्हणून तर पाणी दातांना लागतं."

बहिरूने जाळीपाशी हात धरला. बारीक, सतत, गार वाऱ्याची धार. त्याने काकांकडे बघितलं, काकांनी मान हलवली. चाळीला याहून काय पाहिजे?

"पण काकू, माठ हलवावा लागंल. पाणी आन् वायरी एका जागी नाय नांदायच्या."

काकूंनी माठाकडे एकवार बघितलं. त्या माठाच्या पाण्याचं शेजारपाजारी कौतुक होतं. मग उठल्या, झाकण काढून बाजूला ठेवलं. "खालच्या खिडकीत ठेवते. कोमट प्याल, तेव्हा माझी आठवण काढा."

कपाट जिन्याच्या वळणावर इतकं नेमकं बसलं, जसं काही त्याच मापाने केलं होतं. बहिरूने दुकानातून लांब केबली आणल्या. पडदा आणि की-बोर्ड वरच्या खोलीतच राहिले, मशीन तेवढं वळणावर. निघताना काकांनी दाढीच्या वाटीकडे बोट दाखवलं.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "पोरगं आहे."

"बोललो ते बोललो," बहिरू म्हणाला. गुरुवारी सकाळी तो आला, तेव्हा काकूंनी दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

गुरुवारची दुपार नीट पार पडली. कॉम्प्युटर बंद पडला नाही. बुधवारची दुपार मात्र परत मिळणार नव्हती, म्हणून शुक्रवारची एकही घडी वाया जाऊन चालणार नव्हतं.

शुक्रवारी तर उन्हाने कहरच केला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बहिरू दुसरी कामं टाकून जिन्याच्या पायरीवर बसला होता. दोन पायऱ्या वर दत्तूकाका, कपाटाच्या वरच्या खाचांवर तळहात धरून. गरम हवा हातावरून निघून वर जात होती. हात थरथरत होता तो थरथरतच होता, पण त्याला खिशात घालायचं काकांच्या लक्षातच नव्हतं.

"किती?" ते वर ओरडायचे.

"ब्याऐंशी!" वरून आरोही.

"किती?"

"ब्याऐंशीच! पप्पा, मला काम करू द्या!"

मग काकांनी विचारणं थांबवलं. आणि अचानक आरोहीचा आवाज चिरकला, "अठ्ठ्याऐंशी! एक्क्याण्णव! दादा, चढतोय!"

बहिरू उडालाच. पंखे बघितले, फिरत होते. मच्छरदाणी बघितली, स्वच्छ होती. काकांनी हात खाचांवर ठेवला तसा त्यांचा चेहरा बदलला. "ओढच बंद झालीय. हवा वर जात नाहीये." दोघांनीही मान वर केली.

गच्चीचं दार बंद होतं.

"काकू!"

"काय झालं?" छायाकाकू वरूनच खाली डोकावल्या. "मांजर येतं रे गच्चीतून, आत काढून ठेवलेल्या कुरडयांवर. म्हणून लावून घेतलं."

"उघडा! आधी उघडा!"

दार उघडलं. जिन्यातून वाऱ्याची एक लाट सरसरत वर गेली. काकूंचा पदर उडाला. आरोही आकडे वाचत राहिली. नव्वद. सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशी. काका पायरीवर धपकन बसले आणि म्हणाले, "आता मी मांजर राखायला बसतो. तुम्ही आकडे राखा."

आणि खरंच, हातात काठी घेऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, दत्तूकाका गच्चीच्या दारात बसले. मांजराने दोनदा चक्कर टाकली आणि हात हलवत परत गेलं.

ऊन कललं तेव्हा शेवटचं चित्र निघालं. फिल्म जोडून पुण्याला गेली, वेळेच्या जेमतेम आधी. आरोही वरून धावत आली ती वळणावर थांबली, आणि तिने आधी कपाटाला मिठी मारली, मग वडिलांना. बहिरू म्हणाला, "आन् मला?" तेव्हा काकूंनी त्याच्या हातात खालच्या खिडकीतलं पाणी दिलं. कोमट होतं. त्याने एका दमात संपवलं.

सोमवारी पुण्याहून उत्तर आलं. सोफ्याचा रंग भडक आहे, बदला. बाकी काम आवडलं. घरूनच करा, पहिल्या तारखेपासून.

आठवड्याने बहिरू आपली एक केबल राहिली म्हणून आला. मिशी पुन्हा उगवायला लागली होती. जिन्याच्या पायथ्याशी दत्तूकाका लाकूड रंधत बसले होते, ओठांत शीळ.

"शेजारच्यांच्या पोराचा कॉम्प्युटर पण बंद पडतो म्हणे," ते म्हणाले. "व्हायरस आहे म्हणतात. मी म्हटलं, आधी जागा दाखवा. तू पण येणार आहेस बघायला. जागा मात्र मी निवडणार."

"आन् काचेचं दार कुठंय?" बहिरूने विचारलं. "भारी काच व्हती ती."

"ते मला दिलं," काकू म्हणाल्या आणि त्याला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेल्या.

गच्चीत चार विटांवर ते काचेचं दार आडवं ठेवलेलं, पितळी कडी अजून चकचकीत. काचेखाली पसरट काचेच्या बरण्यांत लिंबाचं लोणचं. धूळ नाही, मांजर नाही, वरून ऊन. काकूंनी एक बरणी उघडून फोड त्याच्या हातावर ठेवली.

बहिरूने ती चोखली. साल लोण्यासारखी मऊ.

"काकू, हे कधीचं घातलंय?"

"मागच्या शनिवारी," काकू म्हणाल्या. "एरवी महिना लागतो मुरायला. काच काय तापते रे! मला तेव्हाच विचारलं असतंत, तर कपाटाचं पण सांगितलं असतं."